पहिलीच्या उंबरठ्यावरची मोजपट्टी

नामवंत शाळांचे प्रवेश अर्ज मिळू लागले की लहान मुले असलेल्या घरांतील वातावरण पालटते. एरवी ‘खेळू दे त्याला’ असे म्हणणारे आजी-आजोबाही नातवाला रंग, फळे, वाहने आणि इंग्रजी अक्षरे विचारू लागतात. आई-वडील मुलाची तयारी करून घेतातच, शिवाय स्वतःचीही करतात. कारण शाळेत बोलावणे आले तर दोघांनाही प्रश्न विचारले जातील, अशी त्यांची अटकळ असते. शाळा या प्रकाराला चाचणी म्हणत नाहीत. कुठे ती ‘अनौपचारिक भेट’ असते, कुठे ‘इंटरॅक्शन’, तर कुठे ‘पूर्वतयारीची पाहणी’. नाव कोणतेही असले तरी त्यातून आपल्या मुलाची क्षमता जोखली जाणार आहे, हे पालक जाणून असतात.

शालेय जीवनाच्या आरंभीच मुलाची क्षमता मोजावी काय, या प्रश्नावर पालकांमध्ये एकमत नाही आणि तसे ते जगात कोठेही नाही. काहींना अशी मोजणी आवश्यक वाटते, काहींना ती क्रूर वाटते, तर बहुसंख्यांना ती नकोशी असूनही टाळता येण्याजोगी वाटत नाही. या मतभेदांच्या मुळाशी एक गोंधळ आहे. ‘चाचणी’ या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न हेतूंच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय पालकांना आपले मत नीट बनविता येणार नाही.

चाचणीचा जन्म कशासाठी झाला?

लहान मुलांच्या बुद्धीचे मापन करण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली आणि त्यांतील काहींना नेहमीच्या वर्गात शिकणे जमत नाही, असे दिसू लागले. अशा मुलांची गरज कशी ओळखावी, याचा विचार करण्यासाठी १९०४ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थेओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस छोट्या कृतींची श्रेणी तयार केली. सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या या कृतींमुळे मूल आपल्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत कोठे आहे, याचा अंदाज येत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बिने यांची चाचणी मुलांना शाळेबाहेर ठेवण्यासाठी नव्हती. ज्यांना अधिक साहाय्य हवे, ती मुले शोधण्यासाठी होती. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली आणि न बदलणारी राशी आहे, हे मत त्यांना मान्य नव्हते. योग्य प्रशिक्षणाने मुलाची आकलनशक्ती वाढविता येते, असे त्यांनी आपल्या लेखनातून आग्रहाने मांडले. १९११ मध्ये बिने यांचे निधन झाले. त्यानंतर जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी बिने यांच्या श्रेणीचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. साहाय्यासाठी तयार झालेले साधन हळूहळू मुलांना क्रमवारीत बसविण्यासाठी वापरले जाऊ लागले.

महाराष्ट्रालाही या चाचण्या नवीन नाहीत. तत्कालीन मुंबई प्रांतात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचण्यांचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले. त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रकाशित झाले. ‘बिने-कामत’ या जोडनावाने ही चाचणी मानसशास्त्रज्ञांच्या परिचयाची झाली. परदेशी प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना विचारता येत नाहीत. भाषा, परिसर आणि अनुभव बदलले की प्रश्नांचे काठिण्यही बदलते, हे त्या कामामागील सूत्र होते. आज शाळेच्या दारात होणाऱ्या बहुतेक ‘भेटीं’ना असा कोणताही शास्त्रीय आधार नसतो. शिक्षकांनी आपसांत ठरविलेले दहा-पंधरा प्रश्न आणि एखादे चित्रांचे पुस्तक, एवढ्यावर मुलाविषयी मत बनविले जाते.

तीन हेतू, तीन परिणाम

मुलाच्या क्षमतेची पाहणी साधारणतः तीन कारणांसाठी होते. पहिले कारण निवड. जागा साठ आणि अर्ज सहाशे असतील तर कोणाला घ्यायचे, हे ठरविण्यासाठी शाळा चाचणी घेते. दुसरे कारण निदान. मुलाला ऐकू नीट येते काय, बोलण्यात अडचण आहे काय, कोणती कौशल्ये अद्याप यायची आहेत, हे समजून घेऊन त्यानुसार मदत करणे, असा त्याचा हेतू असतो. तिसरे कारण जमाखर्चाचे. शाळेत येताना मूल कोठे होते आणि बाहेर पडताना कोठे पोहोचले, यावरून शाळेचे काम कसे झाले हे शासनाला पाहायचे असते.

या तिन्ही प्रकारांत मुलासमोर ठेवल्या जाणाऱ्या कृती बाहेरून सारख्याच दिसतात. मणी मोजायला सांगणे, चित्र पाहून गोष्ट सांगायला लावणे, सूचना ऐकून कृती करायला सांगणे, हे तिन्हींत असू शकते. फरक पडतो तो उत्तर चुकल्यानंतर. निवडीच्या चाचणीत उत्तर चुकले तर दार बंद होते. निदानाच्या पाहणीत उत्तर चुकले तर मदत सुरू होते. जमाखर्चाच्या चाचणीत उत्तर चुकले तर त्या मुलाच्या बाबतीत प्रत्यक्ष काहीच घडत नाही; फक्त एक नोंद साठविली जाते.

पालकांचे तीन सूर

पालकांची मते ऐकली की त्यांतही तीन सूर ओळखता येतात. पहिला सूर चाचणीच्या बाजूचा. सोडतीने प्रवेश देणे म्हणजे मुलाच्या गुणांचा अपमान आहे, असे या पालकांना वाटते. ‘आमचे मूल चुणचुणीत आहे, आम्ही त्याच्यासाठी कष्ट घेतले आहेत, मग चिठ्ठीवर त्याचे भवितव्य का ठरावे?’ हा त्यांचा प्रश्न असतो. ओळखपाळख, देणगी आणि शिफारस यांच्या बजबजपुरीत चाचणी तरी निदान निःपक्षपाती असते, असाही त्यांचा युक्तिवाद असतो. ज्या कुटुंबांनी शिक्षणाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या बळावर आपली परिस्थिती बदलली, त्यांच्या मनात हा विचार विशेष दृढ असतो. त्याला हसण्याचे कारण नाही.

दुसरा सूर विरोधाचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अनोळखी खोलीत, अनोळखी व्यक्तीसमोर बसवून प्रश्न विचारणे हेच मुळात अयोग्य, असे या पालकांचे म्हणणे. घरी अखंड बडबड करणारे मूल तेथे तोंडही उघडत नाही आणि शाळा त्यावरून निष्कर्ष काढते. नकार आल्यावर आई-वडिलांच्या चेहऱ्यावरील निराशा मुलाला कळते. आपण काहीतरी चुकलो, एवढे त्याला उमगते. काय चुकले, ते मात्र उमगत नाही.

तिसरा सूर अगतिकतेचा, आणि बहुधा सर्वांत मोठा. हे पालक चाचणीला नावे ठेवतात आणि त्याच वेळी मुलाला तयारीच्या शिकवणीला पाठवितात. आपण एकट्याने माघार घेतली तर आपलेच मूल मागे पडेल, ही भीती त्यामागे असते. प्रत्येकाला नको असलेली गोष्ट सर्वांनी मिळून चालू ठेवण्याचा हा प्रकार आहे. साहजिकच, ही कोंडी कोणा एका कुटुंबाला फोडता येत नाही. तेथे नियमाची, कायद्याची गरज भासते.

ग्रामीण भागात आणि पालिकेच्या शाळांत चित्र वेगळे आहे. तेथे प्रवेशासाठी चाचणीचा प्रश्नच येत नाही. तेथील पालकांची तक्रार उलट असते. मूल शाळेत जाऊ लागले, परंतु त्याला काय येते आणि काय येत नाही हे कोणी पाहिलेच नाही. चौथी-पाचवीत गेल्यावर ते वाचू शकत नसल्याचे समजले, असे त्यांचे अनुभव असतात. म्हणजे एकीकडे नको तेथे मोजणी, तर दुसरीकडे हवी तेथे दुर्लक्ष, अशी ही विषमता आहे.

ब्रिटनमधील वाद

शासनाने सर्व मुलांची आरंभीच चाचणी घ्यायची ठरविली तर पालक कसा प्रतिसाद देतात, हे पाहण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात ‘रिसेप्शन’ वर्गात जाऊ लागते. तेथे १९९८ मध्येच प्रवेशाच्या वेळची पायाभूत चाचणी सर्व शाळांना लागू करण्यात आली होती. पुढे काही वर्षांतच ती बंद होऊन वर्षअखेरीच्या निरीक्षणावर आधारित नोंदी सुरू झाल्या. २०१५ मध्ये तीन वेगवेगळ्या संस्थांच्या चाचण्यांतून शाळांनी एक निवडावी, असा प्रयोग झाला. परंतु या चाचण्यांच्या निकालांची परस्परांशी तुलना होऊ शकत नसल्याचे आढळल्याने २०१६ मध्ये तो बेतही सोडावा लागला. अखेर सप्टेंबर २०२१ पासून एकच राष्ट्रीय पायाभूत चाचणी बंधनकारक झाली.

ही चाचणी मूल शाळेत आल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत घेतली जाते. शिक्षक एकेका मुलाला घेऊन बसतात. सुमारे वीस मिनिटे भाषा, संवाद आणि गणिताशी संबंधित छोट्या कृती करून घेतात. शाळेला किंवा पालकांना गुण कळविले जात नाहीत. शिक्षकांना केवळ वर्णनात्मक विधाने मिळतात. गुणांची नोंद शासनाकडे राहते आणि हीच मुले प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात पोहोचली की त्यांच्या प्रगतीवरून शाळेचे मापन करायचे, अशी ही योजना आहे. वर सांगितलेल्या तीन हेतूंपैकी हा तिसरा, जमाखर्चाचा हेतू होय.

योजनेच्या समर्थकांचे म्हणणे असे, की गरीब वस्तीतील शाळांना यामुळे न्याय मिळेल. तेथील मुले मुळातच मागे असतात; ती कोठून कोठे आली हे मोजले नाही तर केवळ अंतिम निकाल पाहून त्या शाळांना दोष दिला जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटांनी त्यास जोरदार विरोध केला. एप्रिल २०१९ मध्ये चार वर्षांची मुले आपल्या पालकांसह लंडनमध्ये मोर्चाने गेली आणि पंतप्रधानांच्या निवासस्थानी हजारो सह्यांचे निवेदन देण्यात आले. ‘माझ्या मुलाला या चाचणीचा उपयोग काय?’ हा त्या पालकांचा मुख्य प्रश्न होता. शाळेच्या पहिल्या आठवड्यांत शिक्षकांनी मुलांना रुळवायचे की एकेकाला बाजूला घेऊन चाचणी घ्यायची, हाही सवाल त्यांनी केला. इंग्लंडमधील मराठी कुटुंबांना हा प्रश्न आणखी एका कारणाने जवळचा आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेत पाऊल ठेवताच इंग्रजीतील प्रश्नांना सामोरे जावे लागते आणि त्याची खरी जाण त्या वीस मिनिटांत प्रकट होईलच असे नाही.

स्कॉटलंडमध्ये तर हा विषय थेट संसदेत गाजला. तेथे पहिल्या इयत्तेपासून संगणकावरील राष्ट्रीय चाचण्या सुरू झाल्यावर पालकांत अस्वस्थता पसरली. सप्टेंबर २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेने पहिलीच्या चाचण्या थांबविण्याच्या बाजूने ६३ विरुद्ध ६१ असा कौल दिला. हा ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. सरकारने स्वतंत्र परीक्षण करविले. २०१९ मध्ये आलेल्या त्या अहवालाने काही सुधारणांसह चाचण्या चालू ठेवण्याची शिफारस केली आणि त्या चालू राहिल्या. दोन मतांच्या फरकाचा हा कौल पाहिला की समाज या प्रश्नावर किती दुभंगलेला असतो, याची कल्पना येते.

सहा वर्षांच्या मुलाला मोजणे अवघड का?

हेतू कोणताही असो, लहान वयातील मापनाला काही अंगभूत मर्यादा आहेत. पहिली मर्यादा वयाची. एकाच वर्गातील मुलांच्या वयात अकरा-बारा महिन्यांचा फरक सहज असतो. चाळिशीतील माणसाच्या बाबतीत एका वर्षाला महत्त्व नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते त्याच्या संपूर्ण आयुष्याचा सहावा भाग असते. एवढ्या काळात मूल कितीतरी शब्द शिकते, पेन्सिल धरायला शिकते, स्थिर बसायला शिकते. आपल्याकडे हा फरक याहूनही मोठा असतो. ‘असर’च्या २०१९ मधील पाहणीत देशातील निवडक २६ ग्रामीण जिल्ह्यांत पहिलीतील मुलांपैकी जेमतेम ४२ टक्के मुले सहा वर्षांची आढळली, सुमारे २२ टक्के चार-पाच वर्षांची, तर सुमारे ३६ टक्के सात-आठ वर्षांची होती. अशा वर्गात ‘हुशार’ ठरलेले मूल अनेकदा केवळ वयाने मोठे असते.

दुसरी मर्यादा भाषेची. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा डहाणूकडील वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला, तर उत्तर न येण्याचे कारण बुद्धीत नसून प्रश्नाच्या भाषेत असू शकते. शहरातील मराठी मुलाला इंग्रजी शाळेच्या दारात हेच सोसावे लागते. केळ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला ठाऊक आहे काय, यावरून त्याच्या घरी कोणती भाषा बोलली जाते ते कळते. विचार करण्याची शक्ती कळत नाही.

तिसरी मर्यादा खुद्द मोजपट्टीची. उत्तम प्रमाणित चाचणीतही मापनदोष असतो. बुद्धिगुणांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरले, आणि चाचणीची विश्वसनीयता ०.९० एवढी चांगली मानली, तरी मापनातील प्रमाण दोष पावणेपाच गुणांच्या आसपास येतो. याचा अर्थ, ज्या मुलाला १०० गुण मिळाले त्याची खरी क्षमता ढोबळमानाने ९१ ते १०९ या पट्ट्यात कोठेही असू शकते. मग ११९ गुणांच्या मुलाला नाकारून १२१ गुणांच्या मुलाला प्रवेश देणे हा गुणवत्तेचा न्याय कसा म्हणता येईल? तो वस्तुतः योगायोगच असतो. फक्त त्याला आकड्याचे रूप दिलेले असते. त्यातही लहान मुलांचे गुण त्या दिवशीची झोप, भूक, सर्दी आणि समोरच्या व्यक्तीचा आवाज यांनुसार बदलतात. अप्रमाणित, तोंडी ‘भेटी’ची विश्वसनीयता याहून किती कमी असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

सोडतीला ‘नशीब’ म्हणून हिणविणाऱ्या पालकांनी या मुद्द्याचा शांतपणे विचार करावयास हवा. चाचणीतही नशीब असतेच. सोडतीत ते उघडपणे असते आणि सर्वांना सारखे असते. शिवाय सोडतीत नंबर न लागलेल्या मुलाला कोणी ‘कमी’ ठरवीत नाही.

कायदा आणि त्यातील फट

आपल्या देशात या विषयावर विचार झालाच नाही, असे नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावर अहवाल दिला. बालवाडीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, अशी स्पष्ट शिफारस त्यात होती. पुढे शिक्षण हक्क कायदा, २००९ ने त्याला कायद्याचे बळ दिले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम १३ नुसार शाळेला देणगी घेता येत नाही, तसेच मुलाला किंवा त्याच्या पालकांना कोणत्याही छाननी प्रक्रियेला सामोरे जायला लावता येत नाही. येथे ‘पालकांना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आई-वडिलांची मुलाखतही त्यात आली. एका मुलाला दुसऱ्यापेक्षा प्राधान्य देण्यासाठी सोडतीखेरीज वापरलेली निवडीची पद्धत म्हणजे छाननी, अशी कायद्याची व्याख्या आहे. पहिल्या उल्लंघनासाठी २५ हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पालकांच्या शैक्षणिक पात्रतेवरून मुलांची वर्गवारी करू नये, असेही नमूद करण्यात आले.

मग ‘इंटरॅक्शन’ अजून का चालते? याचे उत्तर वयात दडलेले आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शहरांतील बहुतेक खासगी शाळांत प्रवेश मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी, नर्सरी किंवा शिशुवर्गात होतो आणि तेच मूल पुढे पहिलीत सरकते. मूल सहा वर्षांचे होऊन कायद्याच्या कक्षेत येईपर्यंत जागा भरून गेलेल्या असतात. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला. दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागा वगळता सहा वर्षांखालील मुलांच्या नर्सरी प्रवेशांना हा कायदा लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कायद्यात दुरुस्ती करण्याचा विचार सरकारने करावा, असेही सुचविले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली.

थोडक्यात, सहा वर्षांच्या मुलाची चाचणी बेकायदा आहे, परंतु त्याहून लहान, तीन वर्षांच्या मुलाला त्याच कलमाचे संरक्षण नाही. चाचणीची जी अनिष्टता सहाव्या वर्षी कायद्याला पटली, ती तिसऱ्या वर्षी अधिकच तीव्र असते. पालक संघटनांनी शाळानिहाय तक्रारींबरोबरच या फटीकडे लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधले, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

मोजायचेच, पण कसे?

चाचणीला विरोध म्हणजे मुलाकडे पाहूच नये, असा अर्थ कोणी घेऊ नये. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षणाचे काम उभे केले, त्याचा पाया मुलांच्या निरीक्षणावरच होता. मूल काय करते, कशात रमते, कोठे अडते हे दररोज पाहायचे आणि त्यानुसार उद्याचा खेळ ठरवायचा, ही ती दृष्टी. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत स्तर अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ या वयोगटासाठी परीक्षा आणि चाचण्या सर्वथा अयोग्य ठरवून निरीक्षण आणि मुलांच्या कृतींचा अभ्यास यांवर भर दिला आहे.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये राबविलेले ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान याच विचाराचे. गावातील शाळेत मेळावा भरतो. पहिलीत दाखल होणारे मूल आईचे बोट धरून एकेका टेबलापाशी जाते. कोठे दोरीवरून उडी मारायची, कोठे वस्तूंचे वर्गीकरण करायचे, कोठे चित्राविषयी बोलायचे, तर कोठे खडे मोजायचे. स्वयंसेवक विकासपत्रावर नोंद करतात आणि ते पत्र आईच्या हाती देतात. त्यानंतरच्या आठवड्यांत वस्तीतील माता-पालकांचे गट मुलांकडून घरच्या घरी कृती करून घेतात. भाजी निवडताना रंग, भांडी लावताना लहान-मोठे, पोळ्या मोजताना संख्या. शाळा सुरू होताना पुन्हा मेळावा होतो आणि मूल किती पुढे आले ते आईलाच दिसते. येथेही मोजणी आहे. परंतु ती आईसमोर होते, तिच्या भाषेत होते आणि तिच्या हाती काहीतरी उपाय देऊन संपते. या मेळाव्यांचा दर्जा गावागणिक आणि शिक्षकागणिक वेगळा असू शकतो, हे मान्य करूनही त्यामागील तत्त्व अनुकरणीय आहे.

काही बाबतींत तर लवकर तपासणी होणे अत्यावश्यक असते. ऐकण्यातील दोष, दृष्टिदोष, बोलण्यातील विलंब या गोष्टी वेळेत कळल्या तर उपचार होऊ शकतात. न कळल्यास तेच मूल ‘ढ’ किंवा ‘हट्टी’ ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करणे अपेक्षित आहे. आपल्या अंगणवाडीत किंवा शाळेत हे पथक कधी आले होते, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी. याउलट, पाचव्या-सहाव्या वर्षी अक्षरे उलटी लिहिणाऱ्या मुलाला घाईने अध्ययन अक्षम ठरविणेही चुकीचे. २०१८ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे म्हटले होते. मदत मात्र त्याआधीही सुरू करता येते. तिला प्रमाणपत्राची गरज नसते.

पालकांनी विचारावयाचे पाच प्रश्न

आपल्या मुलाची पाहणी होणार आहे असे कळल्यावर तिला सरसकट होकार वा नकार देण्याऐवजी पालकांनी शाळेला पाच प्रश्न विचारावेत. ही पाहणी कशासाठी आहे? ती कोण घेणार आणि त्या व्यक्तीला लहान मुलांचा अनुभव आहे काय? ती मुलाच्या घरच्या भाषेत होईल काय? निकाल कोणाला कळणार आणि तो किती काळ जपून ठेवला जाणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाला एखादी गोष्ट आली नाही तर शाळा पुढे काय करणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मग प्रवेश नाही’ असे असेल आणि मूल सहा वर्षांचे असेल, तर तो कायद्याचा भंग आहे. पालकांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तोंडी कुरबुरीची नोंद कोठेही होत नाही. अनेक पालकांनी एकत्र येऊन तक्रार केल्यास एकट्या कुटुंबावर रोष येण्याची भीतीही कमी होते.

घरात करावयाची तयारी याहून सोपी आहे. मुलाशी भरपूर बोलावे, त्याचे ऐकून घ्यावे, गोष्टी सांगाव्यात, मातीत खेळू द्यावे, स्वतःची चप्पल आणि डबा स्वतः सांभाळू द्यावा. प्रवेश मिळो वा न मिळो, त्या निर्णयाची चर्चा मुलासमोर करू नये आणि शेजारच्या मुलाशी त्याची तुलना तर मुळीच करू नये. शाळेने दिलेला नकार मुलाला काही दिवसांत विसरता येतो. तो नकार घरच्यांनीही मान्य केला आहे असे त्याला वाटू लागले, तर ते मात्र त्याच्या मनातून सहजी जात नाही.